धाकटीची मंजुरी

धाकट्या बहिणीनं माझा अर्ज नामंजूर केला तेव्हा ती माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसली होती. स्क्रीनवर माझं नाव, त्यापुढं 'नामंजूर' आणि खाली कारणाच्या जागी तिनं लिहिलेली ओळ: 'गट चुकीचा आहे. फक्त वाचण्याचा गट टाकून पुन्हा पाठवणे.'

पाठवणे. सकाळी माझ्याच हातची मेथीची भाजी डब्यात भरून आलेल्या मुलीनं मला 'पाठवणे' असं लिहिलं होतं.

आमची कंपनी लहान आहे. जालना रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि जिनिंग मिलसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचं नाव आणि वेळ घालून पावती निघते. त्या पावतीचा प्रोग्रॅम माझा. कंपनी क्रांती चौकामागं दोन खोल्यांत होती तेव्हा मी तो लिहिला. आमचं घर सोयगावकडचं, कापूसवाल्यांचं, त्यामुळं काट्यावर कुठं लबाडी होते हे मला कुणी सांगावं लागलं नाही. जुनीच पावती कुणी दुसऱ्यांदा चालवू नये म्हणून मी तिच्यात वेळेची तपासणी घातली होती. पावतीवरची वेळ काट्याच्या घड्याळाच्या बरीच मागं असली तर काटा ती घेतच नाही. त्या एका गोष्टीवर कंपनीला पुढं कितीतरी मिल मिळाल्या, असं आमचे साहेब अजून पाहुण्यांना सांगतात.

मग मला मुलगी झाली आणि मी काही काळ घरी बसले. नेमकं त्याच काळात ऑफिसमध्ये सगळं बदललं. पूर्वी आमचे प्रोग्रॅम एका मोठ्या मशीनवर चालायचे. आता प्रत्येक प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट, एकेका डब्यात बंद करायचा. त्या डब्याला म्हणायचं कंटेनर. आणि बरीच मशीन एकत्र बांधून हे डबे कुठल्या मशीनवर चालवायचे, कुठला बंद पडला तर कुठं उचलून ठेवायचा, हे आपलं आपण बघणारी व्यवस्था म्हणजे क्लस्टर. हे सगळं माझी बहीण शिकली. तिचं इंजिनिअरिंग झालं होतं, ती आमच्याच फ्लॅटवर राहत होती, आणि तिला कंपनीत घ्या म्हणून साहेबांना फोन मीच केला होता. मी बाळाची लंगोटं धूत असताना ती माझ्या जागेवर बसून क्लस्टर शिकत होती. संध्याकाळी घरी आली की माझ्या लेकीला मांडीवर घेऊन जेवता जेवता सांगायची, "ताई, तुझी पावती आज डब्यात गेली बघ." मी हसायचे. लेक मावशीच्या मांडीवरून माझ्याकडं यायला तयार नसायची, त्यालाही हसायचे.

मी परत कामावर आले तेव्हा ऑफिसमध्ये तिला 'धाकटी' आणि मला 'ताई' म्हणायची रीत पडली होती. कौतुकानं म्हणायचे. पण मी त्या ऑफिसात तिच्या किती आधी आलेली, आणि तिथं माझी ओळख आता तिच्यावरून ठरत होती.

क्लस्टरमध्ये शिरायला तेव्हा सगळे एकच सर्वाधिकाराची फाईल वापरायचे. ज्याला पाहिजे त्यानं कॉपी करून घ्यायची; मीही घेतली होती. मग एकजण नोकरी सोडून गेला आणि महिन्याभरानं त्यानंच प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं, की त्याच्या घरच्या लॅपटॉपवरून अजून आमचं सगळं उघडतंय. साहेब हादरले. त्यांनी ठरवलं, ती फाईल बंद, इथून पुढं प्रत्येकाचं स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र.

त्याची पद्धत अशी. आपल्या लॅपटॉपवर आपण एक गुप्त किल्ली तयार करायची. ती कुणालाच द्यायची नाही, मंजुरी देणाऱ्यालाही नाही. मग त्या किल्लीवरून एक अर्ज बनवायचा: मी अमुक, माझा गट अमुक, म्हणजे अधिकार एवढे, मला प्रमाणपत्र मिळावं. अर्ज क्लस्टरकडं गेला की 'प्रलंबित' म्हणून पडून राहतो. एक माणूस तो वाचून मंजूर करतो. मंजुरी झाली की क्लस्टर स्वतःच्या मुख्य किल्लीनं सही करतं आणि प्रमाणपत्र परत देतं. दिवसभर कुणी हात लावला नाही तर अर्ज आपोआप पुसला जातो. सही मशीनच करतं, पण माणसानं मान हलवल्याशिवाय करत नाही.

मिटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मंजुरीचं काम कुणाकडं द्यायचं?"

मी खुर्ची जराशी पुढं ओढली. वही उघडली. ऑफिसमधली सगळ्यात जुनी मीच होते, आणि कुणाच्या हातात काय द्यावं नि काय देऊ नये, हे माझ्याएवढं कुणाला कळणार, असं मला खरोखर वाटत होतं. साहेबांची नजर माझ्यावरून पुढं गेली.

"धाकटीकडं देऊ. क्लस्टर तिनंच उभं केलंय."

सगळे हो म्हणाले. मीही म्हणाले. शेजारी बसलेल्या बहिणीनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला आनंद झाला होता आणि तो तिला माझ्याबरोबर वाटून घ्यायचा होता. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं उठून गेले.

त्या रविवारी आईचा फोन आला. आई अजून शहराला औरंगाबादच म्हणते.

"औरंगाबादला तुमच्याकडं धाकटीला सह्या करायचं काम दिलंय म्हनं?"

"सही मशीन करतं आई. ही नुसती मंजुरी देते."

"तेच ते. तिच्या मंजुरीबिगर कुनाला आत जाता येत नाय, व्हय ना? तुझे बाबा सगळ्या बाजारपेठेत सांगून आले."

सोयगावात सही करणारा माणूस म्हणजे मोठा माणूस. तहसिलीत चकरा मारलेल्या आमच्या घराला हे पक्कं माहीत. मी इतकी वर्षं पावत्या लिहिल्या, त्यांच्याच गावच्या मिलवर त्या चालतात, बाबांच्या कापसाचं वजन माझ्या पावतीवर निघतं. पण ते सांगायला बाबा कधी बाजारपेठेत गेले नव्हते. मी आईला म्हणाले, "चांगलंच झालं." आणि फोन ठेवून पुसलेलाच ओटा परत पुसला.

माझा अर्ज मी मुद्दामच शेवटी पाठवला. गटाच्या जागी मी सर्वाधिकाराचा गट टाकला. आधी तेवढे अधिकार होतेच माझ्याकडं, मग आता कमी का मागायचे? आणि ती नाही म्हणणार नाही याची मला खात्री होती. तिनं नाही म्हटलं.

जेवायच्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं.

"मला घरी सांगता आलं नसतं? सगळ्यांना दिसतंय तिथं."

"घरी सांगून तोंडी मंजुरी देऊ का ताई? मग बाकीच्यांना काय सांगू?"

"मी बाकीच्यांत आले?"

ती समजावणीच्या सुरात, म्हणजे लहान असताना मी तिला गणित समजावायचे त्याच सुरात, म्हणाली, "एकदा सही झालेलं प्रमाणपत्र आपल्याला परत घेता येत नाही. हरवलं, चोरीला गेलं, कुणाच्या हाती लागलं, तरी मुदत संपेपर्यंत चालतंच. म्हणून मी कुणालाच सगळे अधिकार देत नाही. तुला लॉग वाचायलाच लागतात ना? मग वाचण्याचा गट माग. दोन मिनिटांत करते."

ती बरोबर होती. तिचं चुकलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

मी दुसरा अर्ज पाठवलाच नाही. लॉग बघायचे झाले, म्हणजे प्रोग्रॅमनं आत काय काय केलं त्याच्या नोंदी वाचायच्या झाल्या, तर पलीकडच्या मुलाला त्याच्या स्क्रीनवर उघडायला सांगायचे. धाकटीला ते दिसत होतं. सकाळी दोघी एकाच स्कूटीवरून ऑफिसला जायचो, मी चालवायचे, ती मागं बसायची, आणि सिडकोपासून ऑफिसपर्यंत आम्ही भाजीचे भाव नि लेकीचा खोकला यावर बोलायचो.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला. मिलवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि त्याच आठवड्यात धाकटीला बघायला गंगापूरची मंडळी यायची ठरली. ऊसवाले लोक, मुलगा वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर. कार्यक्रम आमच्या फ्लॅटवर. आई-बाबा आदल्या दिवशीच एसटीनं आले. आईनं पडदे धुवायला लावले. मी पोहे, चहा, बर्फी असं सगळं बघत होते, आणि मनात सारखं माझं बघणं येत होतं. सोयगावात, ओसरीवर. मला कुणी शिक्षणाचं विचारलं नव्हतं. मुलाच्या आत्यानं विचारलं होतं, ज्वारीची भाकरी येते का, आणि आईच माझ्या आधी म्हणाली होती, लई चांगली येते. नवरा चांगला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या ओसरीवर मी कोण होते हे कुणी विचारलंच नव्हतं.

मंडळी आली. मुलगा, त्याचे आई-वडील, एक काका. धाकटीनं पोहे दिले, समोर बसली, आणि पहिल्या दोन प्रश्नांतच तिचा फोन वाजला. तिनं बंद केला. मग माझा वाजला. साहेब होते. हंगामासाठी सकाळी क्लस्टरला एक नवं मशीन जोडलं होतं. माझ्या पावत्यांचे काही डबे त्यावर गेले होते आणि तेव्हापासून काही मिलच्या काट्यांवर पावत्याच निघत नव्हत्या. गाड्या अडल्या होत्या. पोरं लॉग उघडायला गेली तर त्या मशीनवरचे लॉग उघडत नव्हते.

मी स्वयंपाकघराच्या दारातून धाकटीला खुणावलं. तिनं आत येऊन ऐकलं, बैठकीत परत गेली आणि सरळ मुलाच्या वडिलांना म्हणाली, "काका, एक दहा मिनिटं देता का? मिलवर गाड्या खोळंबल्यात."

आईचा चेहरा पडला. पण कापसाची असो की उसाची, काट्यावर खोळंबलेली गाडी म्हणजे काय, हे त्या माणसाला सांगावं लागलं नाही. "करा करा," ते म्हणाले. "आमी हाय बसलेलो."

तिनं लॅपटॉप आणला आणि तिथंच, टीपॉयवर, पोह्याच्या बश्या बाजूला सारून उघडला. मुलाचे वडील चष्मा लावून पुढं झुकले.

"काय करता म्हनायचं हे?"

"नव्या मशीननं अर्ज केलाय काका. की मी अमुक मशीन, मला ओळखपत्र द्या. ते नाय म्हणून त्याच्यावरचं आम्हाला काही दिसत नाय. मी बघतीय, खरंच आपलंच मशीन हाय का. नाव जुळतंय, पत्ता जुळतोय. आता मंजूर करते."

"अन् लबाड निघालं आसतं तर?"

"नामंजूर."

ते मोठ्यानं हसले, मुलाकडं बघितलं. मुलाच्या आई म्हणाल्या, "आन् घरच्यांचाच अर्ज आला तर?"

"घरच्यांचा जास्त नीट बघते," धाकटी म्हणाली.

सगळी बैठक हसली. बाबा तर खुर्चीत ताठ झाले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ती मला टोचायला बोलली नव्हती, मला वाटतं तिला त्या क्षणी जिन्यातलं बोलणं आठवलंही नसेल. पण ती बोलत होती आणि ते ऐकत होते. तिच्या बघण्यात तिला तिचं काम विचारलं जात होतं, आणि ती सांगत होती, सोप्या शब्दांत. त्या क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला की ट्रे खाली ठेवावा लागला. नोकरीचा नव्हे, मंजुरीचाही नव्हे. त्या खोलीचा.

"ताई," ती स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाली, "लॉग उघडायला लागले. पण पावतीचं मला कळत नाय. तुझा लॅपटॉप आण. अर्ज टाक, मी करते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नाही म्हणायची सोय नव्हती. मी लॅपटॉप आणला, तिच्या शेजारी सतरंजीवर बसले, किल्ली बनवली, अर्ज लिहिला. गटाच्या जागी वाचण्याचा गट टाकला. तिनं अर्ज उघडून पहिल्या ओळीपासून वाचला, घाई असूनही वाचला, आणि मंजूर केला. प्रमाणपत्र लगेच आलं. माझ्या नावाचं पहिलं.

लॉग समोर आले आणि मला फार वाचावं लागलं नाही. प्रत्येक नोंदीची वेळ मागं होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग परत नोंदीकडं.

"नव्या मशीनचं घड्याळ मागं आहे," मी म्हणाले. "त्याच्यावरनं निघालेली पावती काट्याला जुनी वाटतीय. म्हणून घेत नाही."

"मग काट्याची तपासणी बंद करू?"

"अजिबात नाही. तपासणी बरोबर आहे. घड्याळ नीट कर. तोवर पावत्यांचे डबे जुन्या मशीनवर हलव."

तिनं तसं केलं. थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला, गाड्या हलल्या म्हणून. मुलाचे वडील धाकटीला म्हणाले, "लई हुशार हाय पोरगी." मग शिष्टाचार म्हणून माझ्याकडं वळले, "आन् तुमी बी तिच्याच हाताखाली का?"

"नाही," धाकटी माझ्या आधी म्हणाली. "मी ताईमुळं तिथं हाय."

"व्हय का," ते म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.

मंडळी गेल्यावर आई गॅलरीत जाऊन मावशीला फोन करत होती. "आगं तिथंच, पोरगा बघत असताना, हिनं मशीनला मंजुरी दिली, गाड्या चालू झाल्या…" आम्ही दोघी कप विसळत होतो. धाकटीनं नळ बंद केला आणि ओरडून सांगितलं, "आई, पावत्या ताईनं चालू केल्या."

"व्हय," आई तिकडून म्हणाली, आणि मावशीला मुलाची उंची सांगायला लागली.

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तिनं परत नळ सोडला.

"तू कशाला सांगायला गेलीस?" मी म्हणाले.

"खरं हाय म्हणून."

"मला नको होतं."

"माहिती हाय," ती म्हणाली. "पण मला पाहिजे होतं."

मी ओले कप पुसत राहिले. तिच्या चांगुलपणाचाही मला राग येत होता, कारण तोही तिच्याकडंच होता.

गंगापूरहून होकार आला. तिनं विचार करायला वेळ मागितला, मुलाला दोनदा बाहेर भेटली, आणि मग हो म्हणाली. लग्नाच्या तयारीत असतानाच तिनं साहेबांना सांगितलं, की मंजुरीचं काम एकाच माणसाकडं असू नये, ताईला पण द्या. साहेबांनी दिलं. ज्या गोष्टीसाठी मी खुर्ची पुढं ओढली होती ती अखेर माझ्याकडं आली, पण तिच्या शब्दानं आली. मी ती घेतली. काम नीट करते. कुणाचाही अर्ज ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पुढं सोडत नाही, आणि गट चुकला तर कारणाच्या जागी 'पाठवणे' न लिहिता 'पाठव' लिहिते. पोरं म्हणतात, धाकटीपेक्षा ताई कडक. ऐकायला बरं वाटतं, ते मी लपवत नाही.

ती आता वाळूज भागात राहते, ऑफिसला तिच्या गाडीनं येते. गेल्या आठवड्यात माझ्याच टेबलाशी उभी राहून म्हणाली, "ताई, पुण्यात एक कार्यक्रम हाय, सॉफ्टवेअरवाल्यांचा. आपण क्लस्टर कसं उभं केलं त्यावर बोलायला बोलवलंय."

"आपण?"

"मला. पण तू चल ना. लई लोक येतात म्हणे."

मी स्क्रीनवरचा अर्ज संपेपर्यंत वाचला, मंजूर केला, मग तिच्याकडं वळले.

"साडी नेसणार का ड्रेस?" मी विचारलं.

"तू सांग."

"साडी नेस," मी म्हणाले. "माझी निळी घे. तुला ती माझ्यापेक्षा बरी दिसते."